आप्पांच्या आकडीतली कोयती

बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम आटोपला आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही गावी निघालो. घर तीन वर्षे बंद होते. मागच्या पावसाळ्यात पडवीची कौले सरकल्याचा निरोप आला होता. यंदा आला नाहीत तर भिंतही राहणार नाही, असे आप्पांनी फोनवर स्पष्टच सांगितले. आप्पा म्हणजे आमच्या वडिलांचे चुलतभाऊ. वय ऐंशीच्या घरात, पण अजून कुणाच्या आधाराने चालत नाहीत.

विक्रोळीहून पहाटे निघालो आणि दिव्याला सावंतवाडीची गाडी धरली. आम्ही उभयता, दोन मुले, धाकट्या वहिनी आणि पुण्याहून आदल्या रात्री येऊन थांबलेला पुतण्या. मे महिन्यात त्या गाडीत बसायला जागा मिळते का, हे कोकणातल्या वाचकांनी आम्हाला विचारू नये. खेडला उतरलो तेव्हा पायांचे तुकडे पडले होते. तिथून एस.टी.ने दापोली. खेड सोडले की रस्ता वळणे घेत चढू लागतो. दापोली समुद्राच्या जवळ, तरी आठशे फूट उंचीवर आहे. खेडच्या उकाड्यातून वर आले की खिडकीतून पहिली गार झुळूक लागते आणि एस.टी.तले निम्मे प्रवासी तोंड उघडे टाकून झोपतात.

दापोलीहून गावची गाडी फाट्यावर सोडते. तिथून आमची वाडी वीस मिनिटांची वाट. बौद्धवाडी गावाच्या शेवटाला असते हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. डांबरही आमच्या अलीकडेच थांबले आहे. पायवाटेच्या तोंडाशी आप्पा उभे होते. जयभीम झाला, मुलांच्या डोक्यावरून हात फिरला, आणि आप्पांनी आमच्यामागची वाट दाखवण्याऐवजी पुढची दाखवली. वाट नव्हतीच. दोन्ही बाजूंनी घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्यांनी तोंड मिटून घेतले होते.

"थांबा वाईच," असे म्हणून आप्पांनी उजवा हात पाठीमागे नेला. कमरेच्या दोरीला लाकडाची आकडी, आकडीत कोयती. हात मागे गेला तेव्हा रिकामा होता, पुढे आला तेव्हा त्यात कोयती होती. मुले पाहतच राहिली. अर्ध्या तासात माणूस सरळ चालेल एवढी वाट मोकळी झाली. आम्ही मागून काटक्या बाजूला करीत गेलो, तेवढेच आमचे श्रेय.

आकडी ही वस्तू शहरातल्या मुलांना ठाऊक नाही. कोकणातला शेतकरी ती पाठीशी कमरेला बांधतो आणि कोयती तिच्यात अडकवतो. म्यान नाही, बटण नाही, खटका नाही. झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे, आणि फांदीवर बसल्यावर हात मागे नेला की मूठ बरोबर हाताशी येते. थंडीच्या दिवसांत ऐन, किंजळ यांचे टहाळे तोडायचे, त्यांची कवळे बांधायची, ती उन्हाळ्यात शेतात पसरून भाजावळ करायची आणि त्या जागेत भाताचा तरवा टाकायचा. या सगळ्या खटाटोपाची सुरुवात आकडीपासून होते. आप्पांचे वडील तर सकाळी सदरा घालायचे विसरतील, पण आकडी बांधायला विसरायचे नाहीत, असे आमची आत्या सांगते.

त्या आठवड्यात त्या एका कोयतीने काय काय केले ते आम्ही मुद्दाम मोजीत होतो आणि शेवटी मोजणे सोडून दिले. कुंपणाच्या मेढींना टोके काढली. बांबू उभे चिरून कामट्या पाडल्या. कौलांखालच्या कुजलेल्या रिपा ठोकून सोडवल्या. पाहुण्यांसाठी शहाळी सोलली. पात्याला खोबरेल चोपडून फणस फोडला, म्हणजे चीक चिकटत नाही. चुलीपुरती लाकडे फोडली. एकदा तर दाराच्या बिजागरीचा गंजलेला खिळा तिच्या पाठीने ठोकून बाहेर काढला. पाते दीड वितीचे, पुढे जरा वाकून नाक आलेले, पाठ जाड, मूठ खैराची. सगळे अंग काळे आणि धारेची तेवढी एक पांढरी रेघ. शोभेचे त्यात काहीही नव्हते.

आता पुतण्याकडे येऊ. हा मुलगा पुण्यात एका कंपनीत नोकरीला आहे आणि शनिवार-रविवार सह्याद्रीचे गड चढतो. त्याच्या पाठपिशवीत दोन चाकू होते. एक घडीचा, त्यात कात्री, करवत, स्क्रू-ड्रायव्हर, बाटली उघडायचे हत्यार, सगळा संसार. दुसरा साधा, न मिटणारा, प्लास्टिकच्या मुठीचा. पहिल्याच संध्याकाळी त्याने घडीच्या चाकूने बाभळीचा ढलपा फोडायला घेतला. पाते लाकडात रोवून वरून दुसऱ्या लाकडाने ठोकले. चौथ्या ठोक्याला सांधा ढिला झाला आणि पाते डुगडुगू लागले. आप्पा विडी ओढत पाहत होते. म्हणाले, "मिटायची सोय केली की तुटायची सोय आपसूक व्हते."

त्यांचे म्हणणे खरेच आहे. घडीच्या चाकूत सगळा भार एका खिळ्यावर असतो. कोयतीत पाते आणि मुठीत शिरलेली शेपटी हा पोलादाचा एकच तुकडा. निखळायला सांधाच नाही. खिशात मावत नाही ही तिची अडचण, पण शेतावर, रानात, पावसात खिशाला विचारतो कोण?

पुतण्याचा दुसरा चाकू मात्र टिकला. तोच ढलपा त्याने फोडला, वर आणखी दोन. आप्पांनी तो हातात घेऊन नखाने धार पाहिली, मूठ दाबून पाहिली आणि "ह्यो कामाचा हाय" असा निर्वाळा दिला. चाकू स्वीडन देशातला. तिथे डालार्ना प्रांतात सिलियान नावाच्या मोठ्या तळ्याकाठी मोरा हे गाव आहे आणि त्याच्याजवळ ओस्टनोर. फ्रॉस्ट एरिक एर्सन नावाचा गृहस्थ अमेरिकेत काही वर्षे राबून परत आला आणि १८९१ साली त्याने ओस्टनोरला कारखाना काढला. कारखाना चाकूंचा नव्हता. बर्फावरून लाकूड ओढायच्या घसरगाड्यांचा होता. गाड्यांबरोबर चाकू-कुऱ्हाडीही बनू लागल्या, आणि पुढे चाकूच कारखान्याचे मुख्य काम झाले. बर्च लाकडाची तांबडी मूठ आणि छोटे सरळ पाते असलेला तो चाकू लाकूडतोड्या, सुतार, कोळी, शेतकरी सगळ्यांच्या कमरेला दिसू लागला. आता त्याची मूठ प्लास्टिकचीही मिळते आणि जगभरचे गिर्यारोहक तो घेतात. परदेशी चाकूंत हा स्वस्तातला, तरी आमच्या पुतण्याला दोन हजारांच्या वर पडला.

आम्हाला गंमत वाटली ती याची, की सातासमुद्रापलीकडच्या कष्टकऱ्यालाही तेच सुचले: सांधा नको, नक्षी नको, खिशाला परवडेल आणि हरवला तर रडू येणार नाही असा हवा. फरक एवढाच की त्यांची कडाक्याची थंडी आणि आमचा चार महिन्यांचा पाऊस. खाऱ्या हवेत साधे पोलाद तीन दिवसांत तांबडे पडते. आप्पांचा उपाय सोपा आहे. काम झाले की पाते पुसायचे, खोबरेलाचा बोळा फिरवायचा आणि चुलीच्या वरच्या वाशाला खोचून ठेवायचे. धुराने ते आणखी काळे होते आणि गंज दूर राहतो.

तिसऱ्या दिवशी आप्पा म्हणाले, पुतण्यासाठी नवी कोयती करून घेऊ. आम्ही दापोलीच्या बाजाराला निघालो होतोच. वाटेवर एका वळणावर लोहाराची शाळ आहे. पत्र्याचे छप्पर, तीन बाजूंनी झावळ्या, भर दुपारी आत अंधार. आम्हाला वाटले गरिबीमुळे. लोहारदादा हसले. उजेडात तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नाही, म्हणून अंधार राखावा लागतो. घड्याळ नाही, मापक नाही, सगळे काम रंगावर चालते.

कोपऱ्यात ट्रकच्या कमानीचे पाटे रचून ठेवले होते. कोयतीला हेच पोलाद. ट्रक खड्ड्यात आदळला की पाटा वाकतो आणि परत सरळ होतो. असे लाखो वेळा वाकूनही तुटू नये म्हणून त्यात शंभर भागांत अर्ध्या भागाहून थोडा अधिक कार्बन असतो. नेमका तोच गुण कोयतीला हवा. भंगारात किलोच्या भावाने मिळणारे पोलाद असे कामाला येते, म्हणून तर कोयती स्वस्त.

पूर्वीचा चामड्याचा भाता गेला, आता विजेचा पंखा आहे. पाट्याचा तुकडा लाल झाला, मग नारिंगी. लोहारदादांनी सांडशीत धरून ऐरणीवर ठेवला, त्यांच्या पत्नीने घण उचलला. दोघांचे ठोके एकमेकांत असे बसत होते की मुलांनी टाळीचा ठेका धरला. पाऊण तासात नाक वळले, धारेची बाजू पातळ झाली, मागची शेपटी निघाली. मग खरे काम सुरू झाले, ते म्हणजे पाणी देण्याचे. पाते लाल करून फक्त धारेची कड पाण्यात बुडवली. चर्र आवाज झाला. अशाने धार काचेसारखी कडक होते, आणि काचेसारखीच फुटतेही. म्हणून लोहारदादांनी कड दगडावर घासून चकचकीत केली आणि पाठीकडची ऊब तिच्याकडे येऊ दिली. त्या पांढऱ्या कडेवर आधी वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला, मग तपकिरी, मग जांभळा. निळा डोकावतोय तोच पाते पुन्हा पाण्यात. हे रंग सव्वादोनशे ते तीनशे अंशांच्या दरम्यान चढतात, असे पुतण्याने मोबाइलवर पाहून सांगितले. लोहारदादा म्हणाले, "आकडा आमाला नाय म्हाईत. जांभळा म्हाईत हाय." धार कडक, पाठ मऊ. म्हणूनच पाठीवर ठोकले तरी कोयती तडकत नाही. किंमत साडेतीनशे रुपये, मुठीसकट.

लोहारदादांनी आप्पांना खुर्ची दिली होती आणि चहा सांगितला होता. आप्पा कप हातात धरून बराच वेळ ऐरणीकडे पाहत बसले. मग सहज सांगावे तसे म्हणाले, की त्यांच्या लहानपणी याच शाळेत या दादांचे आजोबा काम करीत. आप्पांचे वडील कोयती शेवटून घ्यायला यायचे तेव्हा ती बाहेर मातीत ठेवायची, आपण दूर व्हायचे, मग आजोबा तिच्यावर पाणी शिंपडून उचलायचे. मजुरीचे भातही बाहेरच ओतायचे. "मी बापाला इचारला, इस्तवात घातल्यावर इटाळ ऱ्हातो व्हय? तर बापाने गप बस म्हणून डोळे वटारले." लोहारदादांनी मान खाली घातली. त्यांच्या पत्नीने आप्पांच्या कपात उरलेला चहा ओतला. कुणी काही बोलले नाही. दादांचा मुलगा लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, तो घणाला हात लावीत नाही. या वळणावर आणखी किती वर्षे पाण्याचा चर्र आवाज येईल हे आम्हाला सांगता येत नाही.

बाजारात आत्यासाठी विळा घेतला, तो वैभव विळा. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले, त्याने हा तयार केला. वजनाला हलका, धारेला करवतीसारखे बारीक दाते, त्यामुळे सारखी धार लावायला नको. भात अगदी जमिनीलगत कापता येते, म्हणून धसकटात दडून बसणाऱ्या खोडकिड्याला आसरा कमी मिळतो. विद्यापीठांनी केलेल्या पुष्कळ वस्तू प्रदर्शनातच राहतात. ही आमच्या आत्याच्या हातात आली, हे आम्ही कौतुकाने नोंदवतो.

नवी कोयती घरी आली तेव्हा सगळ्यांनी ती हातात घेऊन तोलून पाहिली. धाकट्या वहिनींनी मात्र घेतली नाही. त्यांचे माहेर बीडकडचे, माजलगाव भागातले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "आमच्याकडं कोयता हत्यार नसतो भाऊजी, माणूस असतो." ऊसतोडीच्या धंद्यात मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतो. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो, टोळी किती कोयत्यांची ते विचारतात. वहिनींचे आई-वडील वीस-बावीस वर्षे एक कोयता होते. दिवाळीच्या सुमारास बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर भरायचा, कारखान्याच्या पट्ट्यात पालावर उतरायचे, उन्हाळा लागला की परतायचे. ऊस जमिनीलगत छाटायचा, कारण साखर बुडख्यात जास्त. मग पाचट काढायचे, शेंड्याचे वाढे तोडायचे, मोळी बांधायची, डोक्यावरून गाडीत भरायची. वहिनी थोरली असल्याने धाकट्या भावंडांना पालावर सांभाळायच्या. त्यामुळे त्यांची चौथीची परीक्षा दोनदा बुडली.

हे सांगून त्या उठल्या, नवी कोयती उचलली आणि अंगणाच्या कडेचे माजलेले गवत वाकून कापू लागल्या. मनगट असे फिरत होते की पाते मातीला लागत नव्हते आणि गवत एक बोटभरही उरत नव्हते. आप्पा उठून उभे राहिले. "पोरी, तुला कुनी शिकवला?" वहिनींनी वर पाहिले नाही.

निघायच्या आदल्या रात्री आप्पांची जुनी कोयती आम्ही दिव्याखाली धरून पाहिली. पाते झिजून मूळच्या दोन-तृतीयांश उरले असेल. किती वेळा शेवटली याचा हिशेब आप्पांनाही नाही. मूठ दोनदा बदलली, तरी आताच्या मुठीवर चार बोटांचे खळगे आणि अंगठ्याची खोलगट जागा स्वच्छ दिसते. संयुत्त निकायात भगवंतांनी सुताराच्या वाकसाच्या दांड्याचा दृष्टांत दिला आहे. दांड्यावर बोटांचे ठसे दिसतात, पण आज किती झिजला, काल किती, ते सुताराला सांगता येत नाही. विहारात हे प्रवचनात ऐकताना आम्ही मान डोलावली होती. आप्पांच्या मुठीत आपली बोटे घालून पाहिली तेव्हा ती बसेनात. त्यांचा हात मोठा आहे.

प्रश्न उभा राहिला तो सकाळी, पिशव्या भरताना. नवी कोयती पुतण्याची. त्याच्या ट्रेकला ती उत्तम. पण त्याने ती गोणपाटात गुंडाळली, पुन्हा सोडली, आणि आप्पांपुढे ठेवून म्हणाला, "ही इथेच राहू द्या."

आप्पांना कळेना. त्याने सांगितले. पुण्यात २०२२ च्या अखेरीपासून कोयता गँग हा शब्द वर्तमानपत्रांत रोजचा झाला. रस्त्यावर कोयते नाचवून दहशत माजवणारी पोरे पकडली गेली, आणि पोलिसांनी कोयते विकणाऱ्या दुकानदारांना गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाची नोंद ठेवायला सांगितले. लोकांच्या भीतीला कारण होते, हे तोही मान्य करतो. कायद्यात पाहिले तर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्याराला परवाना लागतो, पण घरकामाची आणि शेतीची हत्यारे त्यातून वगळली आहेत. मग भीती कशाची?

"कागद नंतर वाचतील आप्पा," तो म्हणाला. "रात्री स्टेशनवर पिशवी उघडली, कोयता निघाला, तर आधी नाव विचारतील, मग राहतो कुठे ते. वस्तीचे नाव सांगितले की पुढचे मला ठाऊक आहे. माझ्या शेजारच्या पोराबरोबर झालंय." आणि तो स्वीडनचा चाकू? "तो दिसला तर विचारतात, ट्रेकला चाललास का? कुठला गड?"

पोलाद दोन्हीत आहे. दोन्हीला सांधा नाही. लाकूडही दोन्ही फोडतात, उलट कोयती जास्त फोडते आणि तिला साडेतीनशेच पडतात. आम्ही त्याला नेच म्हणू शकलो नाही. आमच्या दोन मुलांपैकी एकाला पुढच्या वर्षी अठरा पूर्ण होतील.

आप्पांनी नवी कोयती हातात घेतली, धारेवर खोबरेलाचा बोळा फिरवला आणि चुलीवरच्या वाशाला खोचली, आपल्या कोयतीच्या शेजारी. मग फाट्यापर्यंत सोडायला आले. वाट आठच दिवसांपूर्वी साफ केलेली, तरी एका करवंदीच्या फांदीने पुन्हा आडवा हात घातला होता. आप्पांचा हात पाठीमागे गेला.

"भाताची लावणी झाली की या," एस.टी. दिसू लागल्यावर ते पुतण्याला म्हणाले. "मागल्या अंगाचा कुंपण तुझ्या कोयतीने करू."